अ‍ॅपने आधी 14 गुण दाखवले, दुसऱ्या दिवशी 11: यातला खरा आकडा कोणता?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बाळ सहा आठवड्यांचं आहे. रात्री पाजून झाल्यावर बाळ झोपतं, पण तुमची झोप उडते. अशाच एका रात्री तुम्ही बाळंतपणानंतरच्या मानसिक आरोग्याचं एक अ‍ॅप डाउनलोड केलंत आणि त्यातली दहा प्रश्नांची प्रश्नावली भरलीत. 14 गुण आले आणि खाली 'तज्ज्ञांशी संपर्क साधा' अशी ओळ आली. तुम्ही घाबरलात. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भरलीत, तर 11 आले. मग आणखी दोन अ‍ॅप्स घेतलीत. एक रोज मूड विचारतं, दुसऱ्यात गप्पा मारणारा चॅटबॉट आहे. आता तुम्हाला हवंय ते एवढंच: तिन्हींपैकी कुठल्यावर विश्वास ठेवू, कोणता आकडा खरा, आणि अ‍ॅप नेमाने वापरलं तर डॉक्टरांकडे जाणं टळेल का.

आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे. दहाव्या प्रश्नाला पहिल्या रात्री 'क्वचित' असं उत्तर दिलं होतं, दुसऱ्या दिवशी ते 'कधीच नाही' केलं, 'कारण वाचूनच कसंतरी झालं'.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांबरोबर गेली सोळा वर्षं काम करते. अ‍ॅप्सबद्दल मला चांगलं सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते सांगेनच, पण सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटली.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. आमच्याकडे ही प्रश्नावली कागदावर भरून घेतात तेव्हा मी एकूण गुण नंतर बघते, आधी दहाव्या प्रश्नाचं उत्तर बघते. तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही असलं, तर त्या बाईशी त्याच दिवशी, घरी जायच्या आत, कुणीतरी बसून बोलतं. बेरीज 5 असली तरी. बोलतो ते साध्या शब्दांत: असा विचार शेवटचा कधी आला, किती वेळ टिकला, काही करायचं मनात ठरलं होतं का, तसं करायचं साधन हाताशी आहे का, आणि तेव्हा तुम्हाला कशाने थांबवलं. उत्तरांवरून पुढचं ठरतं. पुष्कळदा त्या 'क्वचित'च्या मागे 'उद्या उठलेच नाही तर बरं होईल', 'माझ्याशिवाय यांचं जास्त चांगलं चालेल' असा विचार असतो. तो आजाराचा भाग आहे. तो आल्याने तुम्ही वाईट आई ठरत नाही. असं विचारल्याने किंवा बोलल्याने तो विचार बळावतो, ही भीतीही खरी नाही. बोलल्यावर बहुतेकींना हलकं वाटतं, हे मी रोज बघते.

म्हणून आजच घरातल्या एका माणसाला ही ओळ सांगा. नवरा, आई, बहीण, ज्यांना सांगणं त्यातल्या त्यात सोपं वाटेल त्यांना. डॉक्टरांची भेट उद्या-परवाची घ्या. आणि हे वाचताना तसा विचार आत्ता मनात असेल, तर पुढचं वाचू नका. घरात जे असेल त्यांना उठवा, एकट्या राहू नका, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा मदतवाहिनीला फोन लावा.

आता आकड्यांकडे वळू. तुमच्या अ‍ॅपमधली प्रश्नावली बहुधा 'एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल' आहे. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की यांनी ती 1987 मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30. ती केली गेली तेव्हा कल्पना अशी होती की बाईने पाच मिनिटांत कागद भरावा आणि समोर बसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने तो बघून बोलायला सुरुवात करावी. बोलणं कुठून सुरू करायचं, हे कागदाने सांगायचं. अ‍ॅपमध्ये प्रश्न तसेच्या तसे आले, पण समोरचा माणूस आला नाही. रात्री एकट्या बसलेल्या बाईच्या हातात नुसता आकडा आला. तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. त्या पद्धतीतच उणीव आहे.

14 आणि 11 यांत खरा कोणता? ही प्रश्नावली मागच्या सात दिवसांबद्दल विचारते. एका दिवसाच्या अंतराने भरलीत, म्हणजे जवळपास तेच सात दिवस तुम्ही दोनदा सांगितलेत. तीन गुणांचा फरक थकव्याने, वेळेने, एखादं उत्तर जरा सौम्य केल्याने सहज पडतो. साधारण चार गुणांचा फरक दिसल्याशिवाय आम्ही 'खरंच बदल झाला' असं मानत नाही. तुमच्या तीन गुणांतला एक तर दहाव्या प्रश्नाचाच आहे. शिवाय किती गुणांपासून पुढे नीट तपासायला हवं, ती मर्यादा कुठे धरायची, हे ठिकाणागणिक बदलतं. बरेच जण 13 धरतात, काही ठिकाणी 10 धरतात. अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून 2020 मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात 11 ही मर्यादा सर्वांत समतोल निघाली. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे एकाच बाजूचे आहेत. दोन्हींचा अर्थ 'नैराश्य आहेच' असा होत नाही, आजाराचं निदान नुसत्या प्रश्नावलीने होतच नाही. दोन्हींचा अर्थ आहे की कुणीतरी तुमच्याशी नीट बसून बोलायला हवं.

भाषेची एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती नेहमी निसटते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीतलं सहावं विधान एका वाक्प्रचारावर उभं आहे. शब्दाला शब्द ठेवला तर 'गोष्टी माझ्या वर चढत आहेत' असं काहीतरी विचित्र होतं. खरा अर्थ आहे 'सगळं झेपेनासं झालंय'. या प्रश्नावलीचे अनेक भाषांत तपासून केलेले अनुवाद आहेत, पण काही अ‍ॅप्स यंत्राकडून भाषांतर करून घेतात. बाईला प्रश्न कळत नाही, ती मधलं कुठलंतरी उत्तर निवडते, आणि बेरीज भलतीच येते. तुमच्या अ‍ॅपमधलं सहावं विधान वाचून बघा. ते तुमच्या बोलण्यातलं वाटलं नाही, तर त्या आकड्यावर फार भार टाकू नका.

दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-9' भेटेल. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि 27 पैकी गुण देते. चांगली प्रश्नावली आहे, आम्हीही वापरतो. पण तिच्यात झोप, भूक, थकवा यांबद्दल थेट प्रश्न आहेत. सहा आठवड्यांचं बाळ घरात असताना 'झोप नीट लागते का' याला कोण हो म्हणेल? त्यामुळे काही गुण नुसत्या बाळंतपणाचेच पडतात. एडिनबराच्या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणांवरचे प्रश्न जवळपास टाळले आहेत ते यासाठीच. एका अ‍ॅपचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

तुमच्यापुरतं उत्तर काय, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. आधी कधी नैराश्य आलं होतं का? गरोदरपणातच मन उतरलं होतं का? बाळंतपणानंतरचं म्हणून जे नैराश्य आपण ओळखतो, त्यातलं जवळजवळ निम्मं बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेलं असतं. बाळंतपण कसं झालं, त्या वेळी जिवावर बेतल्यासारखं काही झालं का? बाळ आजारी आहे का? तुम्हाला किंवा घरात रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार (मन कधी खूप उतरतं, तर कधी प्रमाणाबाहेर चढतं) आहे का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यावर औषधाची निवडच बदलते. आणि एक साधी गोष्ट: थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येण्याचं प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के आहे. थकवा, रडू येणं, लक्ष न लागणं, चिडचिड हे सगळं त्यानेही होतं. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं, अ‍ॅपला कधीच कळणार नाही.

'हे म्हणजे ते सुरुवातीचं रडू येणं तर नाही?' असंही तुम्ही लिहिलं आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून निम्म्याहून जास्त बायकांना उगाच रडू येतं, मन क्षणात बदलतं. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तुम्ही सहाव्या आठवड्यात आहात. म्हणून 'थोडी वाट बघू' हा सल्ला तुम्हाला मी देणार नाही.

आता अ‍ॅप्स. मी त्यांच्या विरोधात नाही. एक कारण असं की माझ्यापर्यंत पोचलेल्या कितीतरी बायका आधी फोनशी बोलल्या होत्या. माणसाच्या तोंडावर 'मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही' हे म्हणणं जड जातं. पडद्यावर एका पर्यायाला बोट लावणं जमतं. तो पहिला कबुलीजबाब असतो, आणि रात्री तीन वाजता तो ऐकायला दुसरं कुणी जागं नसतं. तुम्हीही तेच केलंत. ते चूक नव्हतं.

दुसरं कारण उपचाराचं आहे. प्रसूतीनंतरच्या सौम्य आणि मध्यम नैराश्यावर बोलण्याचे उपचार परिणामकारक आहेत, विशेषतः विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी आणि नातेसंबंधांवर काम करणारी आयपीटी. यातला बराच भाग धड्यांसारखा मांडता येतो: विचार पकडायचा कसा, दिवसात एक छोटी जमेल अशी गोष्ट कशी ठरवायची, मदत कशी मागायची. ऑस्ट्रेलियात 'मममूडबूस्टर' नावाच्या सहा भागांच्या ऑनलाइन कार्यक्रमाची तपासणी झाली. नैराश्याचं निदान झालेल्या 43 बायका त्यात होत्या. बारा आठवड्यांनी, कार्यक्रम मिळालेल्यांपैकी 79 टक्क्यांच्या बाबतीत नैराश्याचं निदान लागू राहिलं नाही. नेहमीचीच काळजी मिळालेल्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पण फरक मोठा आहे. त्यातला एक तपशील मी प्रत्येकीला सांगते: त्या बायकांना ठरलेल्या वेळी माणसाचा फोन येत असे. कसं चाललंय, कुठे अडलं, एवढंच विचारणारा.

अमेरिकेत 2024 मध्ये 'मामालिफ्ट प्लस' या अ‍ॅपला तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने मान्यता दिली. प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर डॉक्टरांनी लिहून द्यायचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आहे तो. मान्यता कशासाठी आहे तेही बघा: सौम्य ते मध्यम नैराश्य, वय 22 वर्षं किंवा जास्त, आणि डॉक्टरांच्या देखरेखीतल्या उपचारांना जोड म्हणून. इतकी तपासणी होऊन आलेलं अ‍ॅपसुद्धा स्वतःला डॉक्टरांच्या जागी बसवत नाही. मग दुकानातून फुकट घेतलेल्या अ‍ॅपकडून तशी अपेक्षा कशी ठेवायची?

आणखी एक उदाहरण देते, त्यात अ‍ॅप नाहीच. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या महिला आरोग्य कर्मचाऱ्यांना सीबीटीवर आधारलेलं प्रशिक्षण दिलं. नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी त्या शेवटच्या महिन्यापासून जाऊन बसायच्या, एकूण 16 भेटी. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या बायकांपैकी 23 टक्क्यांना नैराश्य होतं, तुलनेच्या गटात 53 टक्क्यांना. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यक्रमाची पुस्तिका काढली. मला यातून कळतं ते असं की उपचार करणारा माणूस मोठा तज्ज्ञच असायला हवा असं नाही. पण तो नेमाने यायला हवा, त्याला शिकवलेलं असायला हवं, आणि त्याने तुम्हाला नावाने ओळखायला हवं. अ‍ॅप निवडताना मी हेच शोधते: याच्या पलीकडे कुणी बसलंय का?

कारण एकट्याने अ‍ॅप वापरणं टिकत नाही. मानसिक आरोग्याच्या अ‍ॅप्सच्या खऱ्या वापराची 2019 मध्ये मोजणी झाली, तेव्हा तिसाव्या दिवशी ते उघडणारे वापरकर्ते साधारण 3.3 टक्के निघाले. हे तान्हं बाळ नसलेल्यांनाही धरून आहे. तुमचं अ‍ॅप दहाव्या दिवशी मागे पडलं, तर 'माझ्याच्याने काहीच होत नाही' या यादीत ती आणखी एक भर घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या बायका अ‍ॅप अर्धवट सोडल्याबद्दल माफी मागतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

चॅटबॉटबद्दल मी जास्त सावध आहे, आणि त्यामागे एक अनुभव आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. एका बाईच्या मनात वारंवार यायचं की बाळ आपल्या हातून जिन्यावरून खाली टाकलं जाईल. ती घाबरून जिन्याकडे जाणंच बंद करून बसली होती. तिने हे एका चॅटबॉटला लिहिलं. त्याने मदतवाहिनीचा क्रमांक दाखवला आणि संवाद थांबवला. तिने अर्थ काढला की यंत्रसुद्धा आपल्याला घाबरलं. त्यानंतर दोन महिने तिने कुणाला काही सांगितलं नाही.

खरं तर असे नकोसे विचार फार सर्रास येतात. बाळाला अपघात होईल असे विचार जवळपास प्रत्येक नव्या आईला येतात, आणि आपणच बाळाला इजा करू असे विचार सुमारे निम्म्या आयांनी संशोधकांना सांगितले आहेत. जिला त्या विचाराची किळस येते, भीती वाटते, जी तो टाळायला धडपडते, तिच्या बाबतीत तो चिंतेचा किंवा ओसीडीचा (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येत राहण्याच्या आजाराचा) भाग असतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. याच्या अगदी उलट चित्र प्रसूतीनंतरच्या सायकोसिसचं. दर हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. झोपेची गरजच वाटेनाशी होते, बोलणं-वागणं झपाट्याने बदलतं, भलते संशय येतात, न दिसणारं दिसतं, आवाज ऐकू येतात, आणि ते सगळं तिला खरंच वाटतं. ही तातडीची स्थिती आहे, तास मोजून रुग्णालय गाठायचं असतं. अशा बाईला आपल्याला काही झालंय हेच पटत नाही, मग ती अ‍ॅपमध्ये काय भरणार? ते घरच्यांनीच ओळखायला हवं. म्हणून हा परिच्छेद तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या. दोन्ही बायकांनी लिहिलेलं वाक्य वरवर सारखं दिसू शकतं. फरक कळतो तो पुढच्या चार प्रश्नांत, त्यांच्या चेहऱ्यावर, आवाजात. चॅटबॉटच्या हाती तिथे फक्त वाक्य असतं.

मूड विचारणाऱ्या अ‍ॅपचं थोडक्यात. पंधरा दिवसांची नोंद मला भेटीत खूप उपयोगी पडते, विशेषतः झोप किती सलग मिळाली त्याची. पण दिवसातून पाच वेळा 'कसं वाटतंय' असं विचारून घेतलं की काही बायका दिवसभर स्वतःच्या मनालाच चाचपत बसतात आणि अजून खचतात. दिवसातून एकदा, तीही दोन आठवडेच. सलग किती दिवस नोंद केली याचा हिशोब दाखवणारी सोय बंद करता आली तर करा.

खासगीपणाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण या अ‍ॅप्समध्ये तुम्ही जे लिहिता ते शेजारणीलाही सांगणार नाही. पाळी आणि गरोदरपणाच्या नोंदी ठेवणाऱ्या 'फ्लो' अ‍ॅपबाबत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2021 मध्ये आदेश काढला. खासगी राहील असं सांगितलेली माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांच्या सेवांना पोचत होती, असा त्यांच्यावर आरोप होता. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या 'बेटरहेल्प'ला अशाच प्रकरणात 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरायला लागले. मोठ्या नावांचं हे झालं, तर अनोळखी अ‍ॅपचं काय? माझ्या पाहण्यातल्या चार-पाच साध्या गोष्टी सांगते. अ‍ॅप जाहिरातींवर चालत असेल तर त्यात मनातलं लिहू नका. संपर्क-यादी, लोकेशन, मायक्रोफोन यांची परवानगी मागत असेल तर का, हे विचारा. खातं पुसण्याची सोय आहे का ते आधीच शोधून ठेवा. अ‍ॅप तुमच्या नोकरीच्या ठिकाणाने दिलेलं असेल, तर वरिष्ठांना काय दिसतं ते लेखी विचारा. आणि फोन लॉक असतानाही नोटिफिकेशनमध्ये काय दिसतं ते तपासा. 'आज नैराश्याची चाचणी बाकी आहे' ही ओळ टेबलावर पडलेल्या फोनवर सगळ्यांनी वाचावी, असं तुम्हाला नको असेल.

महत्त्वाच्या नोंदींचे स्क्रीनशॉट ठेवा. 'वोबॉट' हा या क्षेत्रातला खूप वापरला गेलेला चॅटबॉट होता, प्रसूतीनंतरच्या नैराश्यावरही त्यांचं काम चालू होतं. जून 2025 मध्ये ते अ‍ॅप बंद झालं. कंपनी बंद करू शकते, आणि त्या दिवशी तुमचा आधार फक्त तिथेच असेल तर तो गेला.

गरोदर मैत्रिणींपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी एक. आठवड्यागणिक बाळाची वाढ सांगणारी अ‍ॅप्स गर्भपात झाल्यावरही संदेश पाठवत राहतात, जोवर कुणी जाऊन ते बंद करत नाही. तशी वेळ आलेल्या बाईच्या फोनवरून ते काढून टाकण्याचं काम जवळच्या माणसाने तिला विचारून स्वतः करावं. तिला ते अ‍ॅप पुन्हा उघडायला लावू नये.

आतापर्यंतचं एका जागी: तुमचे दोन्ही आकडे डॉक्टरांकडे जायला सांगतात, दहावा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा आहे, अ‍ॅपचा उपयोग आहे, पण त्याच्या शेजारी माणूस असेल तेव्हा. तिन्ही अ‍ॅप्सचं काय करायचं, तर पहिलं ठेवा. त्यात धडे असतील तर आठवड्याला एक करा, प्रश्नावली मात्र दोन आठवड्यांतून एकदाच. मूडचं अ‍ॅप डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपर्यंत ठेवा, मग त्यांना विचारून काढा. चॅटबॉटचा श्वासाचा व्यायाम आवडत असेल तर तेवढाच घ्या. दहाव्या प्रश्नातल्या गोष्टी त्याला सांगून झाल्या असं समजू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होईल याची भीती बऱ्याच जणींना थांबवते. म्हणून सांगते. पहिल्या भेटीत मुख्यतः बोलणं होतं. रक्त तपासतात. बोलण्याचा उपचार पुरेल असं दिसलं तर तो सुरू होतो. औषधाची गरज पडली, तरी 'आता पाजणं बंद' असं आपोआप होत नाही. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं दुधात फार कमी उतरतात, आणि पाजणाऱ्या आयांना ती अनेक वर्षं दिली जात आहेत. आधीपासून कुठलं औषध चालू असेल, तर अ‍ॅपवर किंवा कुठेही वाचून ते अचानक थांबवू नका. बाळाला हिरावून घेतील, ही भीतीही मी खूप ऐकते. आम्ही सगळी धडपड करतो ती आई आणि बाळ एकत्र आणि सुरक्षित राहावीत म्हणून.

आणि झोप. मी जवळजवळ प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात हेच लिहून देते: चोवीस तासांत एकदा तरी चार-पाच तास सलग झोप. त्यासाठी एका वेळचं पाजणं दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवलेल्या दुधावर सांभाळायला हवं, किंवा पाजून झाल्याबरोबर बाळ दुसऱ्या खोलीत न्यायला हवं. हे कसं जमवायचं ते घराघरावर अवलंबून आहे, आणि काही घरांत ते खरंच अवघड असतं. पण ते कोणाशी तरी ठरवावं लागतं. नवऱ्याशी बोलताना त्यालाही विचारा तो कसा आहे. या काळात दहातल्या साधारण एका वडिलांनाही नैराश्य येतं, आणि त्याला बहुधा कुणीच विचारलेलं नसतं.

उद्या डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचणार नाहीत, डोळे भरून येतील, म्हणून वाक्य आत्ताच फोनमध्ये लिहून ठेवा. 'बाळ सहा आठवड्यांचं आहे. एडिनबराच्या प्रश्नावलीत मला 14 आले. दहाव्या प्रश्नाला मी क्वचित असं उत्तर दिलं होतं आणि नंतर घाबरून बदललं. मला याबद्दल बोलायचं आहे.' बोलता आलं नाही तर फोन त्यांच्या हातात द्या. ते तुमचे स्त्रीरोगतज्ज्ञ असोत, घरचे डॉक्टर असोत, किंवा बाळाला तपासायला नेता ते बालरोगतज्ज्ञ, कुणापासूनही सुरुवात चालेल. समोरून 'सगळ्यांनाच होतं, होईल कमी' असं आलं, तर 'मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवाल का?' असं सरळ विचारा, आणि तरीही टाळलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. शक्य असेल तर प्रश्नावली तिथेच, त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा भरा. या वेळी दहाव्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या रात्रीसारखं, जसं असेल तसं द्या.